बिअर करायचं मशीन घेतलंस, आता एक साधा थर्मामीटर घे

अगं, फोटो बघितला. बॉक्स फोडून मशीन गॅरेजमध्ये उभं केलंयस आणि शेजारी तू अंगठा दाखवत, झकास. तू विचारलंस की काका पहिली बॅच या शनिवारी लावू का, तर लाव, पण त्याआधी हे सगळं वाच, कारण फोनवर मी निम्मं विसरतो आणि मग आपलं बोलणं क्रिकेटवर जातं.

आधी हे मशीन म्हणजे काय ते डोक्यात बसव. न्यूझीलंडचं ग्रेनफादर घे नाहीतर आपल्या मेलबर्नचं ब्रूझिला, आत तेच आहे, स्टीलचं उंच पातेलं, बुडाला हीटर, खाली पंप आणि आत जाळीच्या बुडाची बास्केट. पंप खालचं गरम पाणी वर नेऊन माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर) सोडतो, ते झिरपत परत खाली येतं, बस. (जर्मनांचं ब्राउमायस्टर उलटं, खालून वर ढकलतं, पण ते तुझ्या-माझ्या खिशातलं नाही.) बाकी अ‍ॅप, ब्लूटूथ वगैरे सगळी सजावट.

आता मुद्द्याचं. स्क्रीनवर ६७ दिसतं ना, ते बुडाशी असलेल्या सेन्सरचं तापमान आहे, माल्टचं नाही! मी पहिली चार-पाच वेळा तोच आकडा खरा धरून बसलो होतो आणि दर वेळी बिअर वेगळी, एकदा पातळ कोरडी, एकदा गोडसर जड, मग एकदा कंटाळून किचनमधला ४० डॉलरचा थर्मामीटर माल्टमध्ये खुपसला तर स्क्रीनवर ६७ आणि वर माल्टमध्ये ६२. पाच डिग्री म्हणजे काय लहान गोष्ट नाही, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम दोन प्रकारची, एक ६० ते ६५ ला खूश, तिच्यामुळे बिअर कोरडी होते, दुसरी ७० च्या आसपास खूश, तिच्यामुळे बिअरला अंग, म्हणजे दाटपणा राहतो, आणि आपण ६६-६७ वर दोघींना सांभाळून घेतो. तू मधेच घाबरून सेटिंग ७२ ला नेलंस तर वरचं गरम होईपर्यंत बुडाचं जास्त तापतं आणि पहिली एन्झाइम बिचारी तिथेच मरते. त्यामुळे एखादी डिग्री वर ठेव, माल्ट घातल्यावर नीट ढवळ, दहा मिनिटांनी परत ढवळ, मॅश (माल्ट गरम पाण्यात मुरवणं) चालू असताना मोठा हीटर बंद करून छोट्यावर चालव, आणि पातेल्याभोवती कॅम्पिंगची फोम मॅट गुंडाळ, कंट्रोल पॅनल मात्र उघडं ठेव. आईने दिलेली गोधडी नको, एकदा सांडलेल्या वर्टने (माल्टच्या गोड पाण्याने) चिकट झाली की तो वास कधीच जात नाही, विचार तुझ्या काकूला.

पंपाचा नळ पूर्ण उघडू नको. नवीन माणसाला वाटतं जितकं जोरात तितकं चांगलं, तर तसं नाही, खालून ओढ बसली की माल्ट विटेसारखं दाबलं जातं, पाणी झिरपत नाही, वरचं सगळं पाणी बास्केटच्या मधल्या पाइपमधून सरळ खाली पळतं आणि माल्ट नुसतं बसून राहतं. बारीक धार ठेव. गव्हाचं माल्ट जास्त असेल तर ते मोकळं राहावं म्हणून भाताचे तूस मिसळ, तीन-चार मुठी, इथे ब्रूइंगच्या दुकानात पिशवीत मिळतात, गावी आपण जाळायचो ते इथे विकत घेतो.

आणि माल्ट मिक्सरमध्ये दळू नको! हसू नको, मी केलंय. दुकानातून अख्खं माल्ट आणलं, गिरणी नव्हती, म्हटलं मिक्सर आहेच की. निम्म्याचं पीठ झालं, पीठ जाळीतून खाली उतरलं, हीटरवर बसलं आणि बुडाला लागलं. आधी हॉर्लिक्ससारखा छान वास, मग तोच करपलेल्या खिरीसारखा, मग मशीन आपोआप बंद, कारण बुडाखाली एक सेफ्टीचं बटन असतं, जास्त तापलं की उडतं. सगळं उकळतं पातेलं रिकामं केल्याशिवाय ते बटन दाबता येईना. तेवीस लिटर बागेत ओतलं. तू सरळ दुकानातून दळूनच आण, साल फुटलेली पण अख्खी दिसली पाहिजे, आतला दाणा भरडलेला.

प्रमाण लिहून घे, पाच किलो माल्टला १७ लिटर पाणी मॅशसाठी आणि साधारण १५ लिटर ७५ डिग्रीचं वरून धुवायला, तेवढ्यात फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, २३ लिटर उतरतं. बास्केट उचलताना एकटी उचलू नको, ओलं माल्ट दहा किलोच्या आसपास भरतं आणि गरम पाणी टपकत असतं. माल्टचा चोथा त्याच दिवशी कंपोस्टला टाक, दुसऱ्या दिवशी आंबून वास मारतो. थोडा वाळवून थालिपिठाच्या भाजणीत घातलेला चालतो, तूस बोचतात जरा.

उकळी फुटायच्या आधी मशीनसमोरून हलू नको, दुधासारखं ऊतू जातं, पण हे ऊतू गेलं की फरशीवर पाक होतो. झाकण काढून ६० मिनिटं. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) जाळीच्या डब्यात घाल, नाहीतर पंप चोंदतो.

विजेचं: तुझं मशीन २४०० वॅटचं, म्हणजे १० अँपच्या सॉकेटची पूर्ण ताकद. त्याच सर्किटवर किटली लावलीस तर अंधार. एक्स्टेन्शन वापरायचीच वेळ आली तर जाड आणि पूर्ण उलगडलेली, गुंडाळलेली वायर तापते.

थंड करायचं म्हणशील तर उन्हाळ्यात इथलं नळाचं पाणीच कोमट, थंड करायच्या नळीतून (कॉइलमधून) कितीही सोड. मी इथल्या लोकांसारखं करतो, उकळतं वर्ट सरळ जाड फूड-ग्रेड प्लॅस्टिकच्या क्यूबमध्ये (चौकोनी कॅनमध्ये) काठोकाठ भरायचं, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट, आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट. हातात जाड ग्लोव्ह्ज घाल. क्यूबमध्ये वर्ट खूप वेळ गरम राहतं म्हणून शेवटचे हॉप्स जास्त कडू लागतात, ते उशिरा घाल. आणि यीस्ट घालायचं आठवडाभर पुढे ढकलू नको.

मशीनचं काम तिथे संपलं. यीस्टला १८ ते २० डिग्री दे, जुना फ्रिज आणि तापमानाचा कंट्रोलर बघ, मशीनच्या महागड्या अ‍ॅक्सेसरीजपेक्षा हा खर्च आधी कर. हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) दोन दिवस तोच आकडा दाखवेपर्यंत बाटलीत भरू नको, बाटल्या फुटतात, मस्करी नाही.

आणि एक, घरच्यासाठी बिअर केलेली इथे ऑस्ट्रेलियात चालते, विकायची नाही, आणि त्याच पातेल्यावर लोक दारू गाळायचं यंत्र बसवतात तिकडे ढुंकूनही बघू नको, लायसन्सशिवाय गुन्हा आहे. पुण्याला मशीन न्यायची आयडिया पण सोड, तिकडे घरी बिअर करायलाही परवानगी नाही, घरचे म्हणतील हे कसलं खूळ आणि एक्साइजवाले काय म्हणतील ते वेगळंच.

बॅच संपली की लगेच मशीन धू, सोडियम परकार्बोनेट (सफाईची पावडर) घालून ६० डिग्रीला अर्धा तास पंप चालव, स्टीलची घासणी लावायची नाही. शनिवारी मी दहाला येतो, थर्मामीटर माझा घेऊन येतो, तू तूस थोडे जास्त आण, माझ्याकडचे संपलेत.

— काका