थंडीत सुस्तावलेले गोल्डफिश पाणी गारच असताना पुन्हा कसे पोहू लागतात?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात टाकीतले गोल्डफिश तळाशी बसून होते आणि आता, पाणी तितकंच गार असूनही, बऱ्यापैकी फिरतायत. ते आजारी नव्हते. मधल्या काळात त्यांनी स्नायूंमध्ये थंडीसाठी फेरबदल केले.

बांगडा साफ करताना कातडीखालची काळपट-लाल पट्टी पाहिली असेल. तो तांबडा स्नायू, तासन्‌तास संथ पोहण्यासाठीचा. बाकीचा पांढरा, झटक्यात पळ काढण्यासाठी; तो लवकर दमतो. गोल्डफिशचंही तसंच, फक्त पट्टी बारीक. गारठ्यात स्नायूंचं आकुंचन मंदावतं. एकट्या तांबड्याला झेपेनासं होतं, मग कमी वेगालाच पांढऱ्याला कामाला जुंपावं लागतं आणि मासा थकतो. त्यात १५ अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे सव्वापट चिकट!

गारवा टिकला की काही आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. तांबडे तंतू वाढतात, त्यांच्यात ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. स्नायूंचं आकुंचन घडवणारं मायोसिन हे प्रथिनच बदलतं, थंडीत भराभर चालणारं येतं. पेशींच्या आवरणातली चरबीही पातळ होते. हिवाळ्यात खोबरेल थिजतं, शेंगदाण्याचं तेल नाही, तसाच प्रकार.

हे फुकट मिळत नाही बरं का. कॅनडात फ्राय आणि हार्ट या संशोधकांनी १९४८ साली गोल्डफिशच्या पोहण्याचा वेग मोजला होता. गार पाण्याला सरावलेले मासे गारव्यात सरस ठरले, पण उबदार पाण्यात उबेला सरावलेल्यांनी त्यांना मागे टाकलं.

सगळ्याच माशांची तऱ्हा अशी नसते. कुपा, म्हणजे ट्यूना, तांबडा स्नायू पाठीच्या कण्याजवळ खोल ठेवतो आणि तिथली ऊब रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून बाहेर निसटू देत नाही. मला तर हा उपाय जास्त हुशारीचा वाटतो, पण टाकीतल्या माशाला तो कुठला परवडायला!

एकदा जानेवारीत मी आळस करून नळाचं थंडगार पाणी थेट टाकीत ओतलं होतं. दोन मासे दिवसभर आडवे. तेव्हापासून पाणी बादलीत भरून रात्रभर टाकीशेजारी ठेवतो. हीटर आत्ता लावणार असाल तर रोज एखादाच अंश वाढवा. तुमच्या माशांचे स्नायू सध्या थंडीचे आहेत.