जुना फोन-लॅपटॉप अनोळखी माणसाला विकताना पावती करावी का? तिच्यात काय लिहायचं?

तुमचा प्रश्न असा दिसतो: वापरलेला फोन आणि लॅपटॉप एका अनोळखी माणसाला रोखीने देताय, तो म्हणतोय "कागदबिगद कशाला", आणि तुम्हाला मात्र हुरहूर लागली आहे.

कागद करा. चार ओळींचा का होईना, पण करा. तोंडी झालेली विक्रीही सहसा विक्रीच धरली जाते. कागदाची गरज नंतर पडते, दोघांपैकी कुणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला लागलं की. शिवाय टेबल-खुर्ची विकली की विषय संपतो, फोनचं तसं नाही. मूळ बिल तुमच्या नावावर असतं आणि बऱ्याचदा त्याच बिलावर फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) छापलेला असतो. उद्या त्या फोनवरून कुणी भानगड केली, तर माग काढणारे आधी तुमच्या दारात येऊ शकतात. तेव्हा "तो तर मी केव्हाच विकला" एवढ्याने भागत नाही. कधी आणि कुणाला, हे दाखवावं लागतं. म्हणून किमतीच्या आकड्यापेक्षा यंत्राचा क्रमांक आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ या दोन गोष्टी मी जास्त मोलाच्या मानतो.

"काळ्या रंगाचा अमुक कंपनीचा फोन" असं लिहून काहीच सिद्ध होत नाही. *#०६# डायल केलं की १५ अंकी आयएमईआय पडद्यावर येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक येतात, दोन्ही उतरवा. खोक्यावरून उतरवू नका. खोकी सहज बदललेली असतात. शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे उतरवताना एक जरी आकडा चुकला तरी तो क्रमांक तपासणीत अवैध ठरतो. म्हणजे लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचून ताडून पाहायचं. लॅपटॉपचा अनुक्रमांक तळाच्या लेबलवर असतो आणि बहुतेक यंत्रांत बायोसमध्येही (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारा मूळ सेटिंगचा पडदा) दिसतो. दोन्ही जुळत नसतील तर कधीतरी तळाचं कव्हर किंवा मदरबोर्ड बदललेला असण्याची शक्यता असते. मग दोन्ही क्रमांक लिहा आणि तसं स्पष्ट नमूद करा. शून्य आणि इंग्रजी ओ यांचा घोळ नेहमीचाच, म्हणून लेबलचा फोटोही काढून ठेवा.

हा नुसता काटेकोरपणा नाही. मी एकदा मॉनिटर विकला होता. काही दिवसांनी घेणारा "पडद्यावर रेघ येते" म्हणत तो परत घेऊन आला. मॉडेल तेच, रंग तोच, रेघही खरीच होती. पण मागचा अनुक्रमांक पावतीवरचा नव्हता. त्याला पावती दाखवली, बोलणं तिथेच थांबलं. त्याने जाणूनबुजून केलं की त्याच्याकडे तसेच दोन मॉनिटर होते, देव जाणे.

आता स्थितीबद्दल. "जशी आहे तशी विकली" हे वाक्य सगळे लिहितात आणि लिहावंही, पण एकट्याने ते लंगडं पडतं. माहीत असलेला दोष मुद्दाम लपवला असेल तर त्या वाक्याच्या आड सहसा लपता येत नाही. त्यापेक्षा दोष उघड लिहा: बिजागरी सैल आहे, एक यूएसबी पोर्ट चालत नाही, पडद्याला कोपऱ्यात चरा आहे. बॅटरीसाठी "चांगली आहे" हे मत झालं. बॅटरीची मूळ क्षमता किती उरली याची यंत्र दाखवतं ती टक्केवारी, किंवा चार्जिंग चक्रांचा (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली त्याचा) आकडा लिहा. घेणाऱ्यासमोर काय काय चालवून दाखवलं तेही लिहा, म्हणजे कॅमेरा, स्पीकर, वायफाय, कीबोर्ड. लिहिलेला दोष विकणाऱ्याला वाचवतो, आणि न लिहिलेला दोष निघाला तर घेणाऱ्याच्या हातात मुद्दा राहतो. दोघांनाही हा कागद हवासा वाटतो तो यामुळेच.

आयफोनवर २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (फोनला मालकाच्या खात्याशी बांधणारं कुलूप) आलं, आणि पुढे अँड्रॉइडमध्येही तशीच सोय आली. जुन्या मालकाचं खातं न काढता फोन पुसला तर नव्या मालकाला तो वापरता येत नाही. चोराला अडवायला केलेली ही सोय प्रामाणिक खरेदीदारालाही तितकीच अडवते. म्हणून आधी खात्यातून बाहेर पडा, मग फोन पुसा, घेणाऱ्यासमोर नव्याने सुरू करून दाखवा, आणि हे केल्याचं एक वाक्य पावतीत घाला. लॅपटॉपचा बायोस पासवर्डही काढायला विसरू नका. आणि लॅपटॉप नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला असेल, तर तो मुळात तुमचा आहे का हे आधी बघा.

मालकीचं वाक्य तर हवंच: वस्तू माझीच आहे, चोरीची नाही, तिच्यावर हप्ते बाकी नाहीत. हप्ते थकले तर काही ठिकाणी फोन दूरवरूनच बंद पाडला जातो आणि भुर्दंड बसतो तो बिचाऱ्या नव्या मालकाला.

मजकूर असा चालेल:

"लिहून देणार (नाव, पत्ता, फोन) यांनी लिहून घेणार (नाव, पत्ता, फोन) यांना (कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक / आयएमईआय) ही वापरलेली वस्तू (रक्कम अंकी व अक्षरी) इतक्या किमतीस आज (तारीख, वेळ) रोजी विकली असून पूर्ण रक्कम (रोख / व्यवहार क्रमांक) मिळाली आहे. वस्तू माझ्या मालकीची असून तिच्यावर कोणाचाही बोजा किंवा थकीत हप्ता नाही. ज्ञात दोष: (…). सोबत दिलेल्या वस्तू: (चार्जर, खोकं, मूळ बिल). माझी सर्व खाती काढून व माहिती पुसून वस्तू खरेदीदारासमोर चालू करून दाखवली. वस्तू तपासून, आहे त्या स्थितीत घेतली. यापुढील वापराची जबाबदारी खरेदीदाराची. दोघांच्या सह्या."

दोन प्रती काढा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. मूळ बिल देणार असाल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

ओळखपत्राबाबत मात्र हात राखून. नाव पडताळायला ते एकमेकांना दाखवलं आणि क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिले तरी बहुतेकदा काम होतं. झेरॉक्सच मागितली तर तिच्यावर आडवं "फक्त अमुक वस्तूच्या विक्रीसाठी" आणि तारीख लिहून मगच द्या.

आणि तो माणूस सहीला तयारच नसेल तर? कधीकधी त्यात लबाडी नसते, लोकांना कागदाची भीती वाटते. अशा वेळी हाच मजकूर त्याला मेसेजने पाठवा, वस्तू हातात देण्याआधी "वाचलं, मान्य आहे" असं उत्तर त्याच्याच नंबरवरून येऊ द्या आणि तो संवाद जपून ठेवा. तेवढंही लिहायला कां कूं करत असेल तर मी तरी त्याला फोन देणार नाही, दुसरं गिऱ्हाईक बघेन.