जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना, म्हणून नोकरी सोडावी का?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. तुम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कोरडवाहू कापूस. मुलगा बीसीए करून अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत लागला. कापसाच्या जिनिंगचं काटा-पावतीचं जुनं सॉफ्टवेअर नव्या डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टच्या ज्या पायावर असे प्रोग्राम चालतात त्यावर) न्यायचं काम त्याच्याकडे आहे. "अर्धं चालतच नाही, मला हे जमत नाही," असं म्हणून तो नोकरी सोडून पुण्याला साठ हजारांचा क्लास लावायचा म्हणतो. पैसे उभे करू का, हा तुमचा प्रश्न.

आत्ता करू नका.

अर्धं चालत नाही, यात पोराचा दोष नाही. जुन्या डॉटनेटची, म्हणजे डॉटनेट फ्रेमवर्कची, शेवटची मोठी आवृत्ती ४.८, ती २०१९ ची. त्याच वर्षी नव्या डॉटनेटमध्ये (तेव्हाचं नाव डॉटनेट कोअर ३.०) विंडोज फॉर्म्स, म्हणजे प्रोग्रामचे स्क्रीन बनवायचं साधन आलं, पण सगळं आलं नाही. स्क्रीनवरचे जुने तक्ते, बटणांच्या पट्ट्या आणि मेनू (डेटाग्रिड, टूलबार, मेनमेनू) ३.१ मध्ये काढूनच टाकले. त्यांच्या जागी डेटाग्रिडव्ह्यू, टूलस्ट्रिप, मेनूस्ट्रिप बसवावे लागतात. हे कंटाळवाणं आहे, पण होतं.

खरी पंचाईत पावतीची. या धंद्यातल्या बऱ्याच जुन्या प्रोग्रामांत पावत्या क्रिस्टल रिपोर्ट्स या छपाईच्या साधनावर काढतात आणि त्याचा डॉटनेटचा भाग जुन्या फ्रेमवर्कसाठीच बनलेला आहे. म्हणजे पावत्या दुसऱ्या साधनात नव्यानं मांडा, नाहीतर तेवढा भाग जुन्यावरच ठेवा. काट्याचा आकडा संगणकात आणणारा सिरीयल पोर्टचा (काट्याची वायर जिथे जोडतात त्याचा) कोड चालतो, पण त्याचं तयार कोडचं पॅकेज वेगळं जोडावं लागतं. क्लिकवन्स या मायक्रोसॉफ्टच्या सोयीनं सॉफ्टवेअर ग्राहकांच्या संगणकांवर वाटता येतं, मात्र प्रोग्रामच्या आतून नवी आवृत्ती तपासणारा जुना कोड तसाच चालत नाही. आणि जिनिंगच्या ऑफिसात विंडोज ७ चा डबा असेल तर डॉटनेट ८ त्यावर चालवायचा विचारच सोडा. आधी मशीन बदला, असं मालकाला सांगावं लागेल. ते ऐकून मालक काय म्हणतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यातलं काय येईल, काय येणार नाही आणि कशाला किती दिवस लागतील, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगता येणं, यालाच या कामात किंमत आहे. क्लासमध्ये कोऱ्या पाटीवर प्रोग्राम लिहायला शिकवतात. चालत्या धंद्याचं सॉफ्टवेअर हातात कोणी देत नाही. तुमच्या मुलाला ते पगार घेऊन मिळतंय.

त्याला एवढं सांगा: प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक पावती, काट्याची जोडणी एका वहीत लिहून काढ. समोर लिही: जशीच्या तशी चालते, बदलून चालते, की टाकून द्यावी लागते. ती वही साहेबांना दाखव, मगच कोडला हात लाव. आणि बदल दिवाळीनंतर नको. कापूस यायला लागला, काट्यावर गाड्यांची रांग लागली आणि पावती निघेना, तर शिव्या त्यालाच बसतील. उन्हाळ्यात हंगाम उतरला की नवीन चालू करा, आणि पहिला हंगाम जुनंही शेजारी राहू द्या.

एक गोष्ट मात्र तपासायला सांगा. कंपनी अजून नवं कामही व्हिज्युअल बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतच लिहिते का? त्या भाषेत नवी भर घालणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्येच जाहीर केलंय. जुनं वाचण्यापुरती ती यायला हवी, पण नवं लिहिणं सी शार्प या भाषेत व्हावं, सोबत एसक्यूएल (साठवलेली माहिती काढायची भाषा) पक्कं हवं. कंपनी तेही करू देत नसेल, किंवा हे काम संपल्यावर त्याला नुसतं ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं, तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरी नोकरी बघायला माझी हरकत नाही. तेव्हा मुलाखतीत ती वहीच दाखवता येईल.

साठ हजार सध्या पेरणीसाठी राहू द्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विंडोज फॉर्म्स नव्या डॉटनेटवर नेण्याची माहिती फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. रोज संध्याकाळी तासभर वाचायला सांगा, आणि अडला तर त्यानं मला स्वतः लिहावं.