शुल्क शून्य, तरी हापूसला अडसर कशाचा?

प्रश्न : ब्रिटन आणि युरोपशी व्यापार करार होत आहेत. आयात शुल्क उठलं की आमच्या हापूसला तिकडे जादा दर मिळेल का? त्यासाठी आम्ही आत्ता काय करावं? (राजापूर व देवगड तालुक्यांतील बागायतदार)

उत्तर : नुसत्या शुल्काच्या भरवशावर राहू नका. युरोपात आणि ब्रिटनमध्ये आंब्यावरचं आयात शुल्क आधीपासूनच शून्य आहे. तरीही १ मे २०१४ पासून युरोपियन संघाने आपला आंबा बंद केला होता. ब्रिटन तेव्हा संघातच होता, म्हणजे ऐन हंगामात लंडनची पेठही हातची गेली. भारतातून गेलेल्या फळ-भाज्यांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, हे त्याचं कारण. त्यांच्या पथकाने इथली पॅकहाऊस, म्हणजे निर्यातीचा माल निवडून भरायची केंद्रं, तपासली, तेव्हा कुठे २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या नियमांप्रमाणे कीड-रोगासाठी माल अडवता येतो, पण त्याला शास्त्रीय आधार लागतो. आपल्यासारख्या देशांची खरी वाटाघाट इथे चालते : कोणती प्रक्रिया मान्य करायची, तपासणी कोणी करायची, खर्च कोणी सोसायचा. अमेरिकेचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये विकिरण केलेल्या, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा केलेल्या, आंब्याला तिथे वाट मिळाली, पण तपासनीस अमेरिकेतूनच यायचे. कोरोनात ते येऊ शकले नाहीत आणि निर्यात थांबली. २०२२ च्या समझोत्यात या तपासणीची देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे सोपवायचं ठरलं. बदल्यात आपण अमेरिकी चेरी आणि लसूणघासाच्या वाळल्या चाऱ्याला प्रवेश दिला. मला हा समझोता शुल्कसवलतीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तपासनिसाविना हंगाम बुडण्याची भीती त्याने कमी केली.

माशीची अंडी-अळ्या मारायला जपानला उष्ण बाष्प प्रक्रिया लागते, युरोपसाठी फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावं लागतं. ते काम पॅकहाऊसचं. मात्र अळी पडलेलं फळ तिथे पोचूच नये, ही जबाबदारी बागेची. नर फळमाशीला ओढणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे रक्षक सापळे फळं पक्व होण्याआधीच लावा. गळलेली फळं झाडाखाली राहू देऊ नका, रोज वेचून खोल पुरा. शेजारची बाग तशीच राहिली तर माशी पुन्हा तुमच्याकडे येते, म्हणून हे सगळ्या वाडीने मिळून करा. काढणी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), डेखासह म्हणजे देठासह करा.

औषधाच्या अवशेषांवरूनही माल परत येतो. लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर, पाळा आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, मात्रा वहीत लिहा. ही वही नसेल तर निर्यातदार तुमच्या मालाला हात लावायला कचरतो.

आणि अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या मँगोनेट या ऑनलाइन नोंदवहीत बागेची नोंदणी करा. निर्यातीचा आंबा कोणत्या बागेतला, हे त्यावरून शोधता येतं. सात-बारा, आठ-अ, आधार आणि बागेचा नकाशा घेऊन मोहोर येण्याआधी तालुका कृषी कार्यालयात या. काढणीच्या तोंडावर आलात तर बागेची पाहणी उरकणं आम्हालाही कठीण जातं.