कॉपी केलेलं जातं कुठे?

प्रश्न: सोसायटीचे हिशोब मी बघते. एक नंबर कॉपी केला की आधीचा पुसला जातो. भाचा म्हणाला विंडोज आणि व्ही एकत्र दाब, जुनं सगळं दिसेल, पण नुसती चौकट येते, आत माझं काहीच नसतं. कीबोर्ड बिघडलाय का?

उत्तर: नाही हो ताई, चौकट येतेय म्हणजे बटणं ठणठणीत आहेत. क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, बंद असणार, ती मुळात बंदच असते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग क्लिपबोर्ड, तिथे चालू करा. चालू करायच्या आधी कॉपी केलेलं मात्र परत मिळणार नाही, ते गेलं ते गेलं. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून आहे, त्यामुळे जुन्या विंडोज ७ वर शोधत बसू नका. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आयटीवाल्यांनी बंद केली असेल तर त्यांनाच गाठावं लागेल.

यात २५ गोष्टी राहतात, नवीन आली की सगळ्यात जुनी जाते, आणि मशीन रीस्टार्ट केलं की सगळी यादी साफ, फक्त पिन केलेलं, म्हणजे यादीत पक्कं करून ठेवलेलं, टिकतं, म्हणून सोसायटीचा खाते नंबर, आयएफएससी कोड वगैरे रोज लागणारं पिन करून टाका. पासवर्ड मात्र तिथे ठेवू नका, शेजारी बसलेला कोणीही ती दोन बटणं दाबू शकतो. चुकून आलाच तर त्या नोंदीच्या तीन टिंबांवर क्लिक करून डिलीट करा.

आणि एक्सेलमध्ये कॉपी केल्यावर सेलभोवती ती पळणारी तुटक रेघ असते ना, एस्केप दाबलं की ती जाते आणि मग पेस्ट होत नाही, निम्म्या तक्रारी याच्याच असतात!