ऑस्प्रेचा खर्च का वाढला?

प्रश्न : अमेरिकेचे ऑस्प्रे विमान तयार व्हायला पाव शतक आणि अब्जावधी डॉलर लागले, असे वाचले. हेलिकॉप्टर आणि विमान दोन्ही आधीपासून असताना त्यांचा मेळ घालणे इतके महाग का पडावे?

उत्तर : खर्चाचे मूळ त्या मेळातच आहे. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांना सोडवण्याची अमेरिकी मोहीम वाळवंटात फसली आणि धावपट्टीविना उतरणारे, तरीही विमानाच्या वेगाने लांबचा पल्ला गाठणारे यान हवे, या मागणीने जोर धरला. बेल आणि बोइंग या कंपन्यांना १९८३ मध्ये काम मिळाले, पहिले उड्डाण १९८९ मध्ये झाले आणि मरीन दलाच्या सेवेत ते आले २००७ मध्ये.

सरळ वर उचलण्यासाठी पंखा मोठा लागतो, तर वेगाने पुढे जाण्यासाठी लहान. ऑस्प्रेच्या पंखांच्या टोकांवरचे, वर आणि पुढे वळणारे सुमारे साडेअकरा मीटर व्यासाचे पंखे ही या दोहोंमधली तडजोड आहे. एक इंजिन बंद पडले तरी दोन्ही पंखे फिरत राहावेत म्हणून विमानाच्या पंखातून आडवा शाफ्ट (फिरता दांडा) नेलेला आहे, आणि जहाजावर मावावे म्हणून पाती मिटून संपूर्ण पंखच धडाच्या रेषेत वळवता येतो. अशा प्रत्येक सोयीने वजन वाढले, आणि वजनाबरोबर खर्चही.

विमानाच्या चाचण्यांची खरी किंमत मात्र माणसांनी मोजली, आणि हिशेबात ती आधी धरली पाहिजे, असे मला वाटते. एप्रिल २००० मध्ये अ‍ॅरिझोनात पुढचा वेग कमी असताना विमान फार झपाट्याने खाली आणले गेले, एका बाजूच्या पंख्याची उचल गेली, विमान उलटले आणि १९ मरीन दगावले. त्याच डिसेंबरात हायड्रॉलिक नळी फुटली, त्यात नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधील दोषाची भर पडली आणि आणखी चौघे गेले. त्यानंतर २००२ पर्यंत उड्डाणे थांबवून फेररचना करावी लागली.

त्याआधी, १९८९ पासून संरक्षणमंत्री असलेल्या डिक चेनी यांना हा प्रकल्प बंद करायचा होता, पण अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) निधी चालू ठेवला. सरकारी लेखापरीक्षकांच्या २००९ च्या अहवालानुसार विकासखर्च ४.२ अब्ज डॉलरवरून १२.७ अब्जांवर गेला, तर घ्यायच्या विमानांची संख्या ९१३ वरून ४५८ वर आली. त्यामुळे प्रत्येक विमानावर पडणारा बोजा दुपटीहून अधिक झाला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ आठ जणांचा बळी घेणाऱ्या ऑस्प्रेच्या अपघाताच्या मुळाशी गिअरबॉक्समधील बिघाड निघाला.