खाडीतल्या जंतूंवर संशोधन: पोट भरतं का?

प्रश्न: मुलगी रत्नागिरीत टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. लोट्याच्या एका कंपनीत क्यूसीची (मालाची गुणवत्ता तपासण्याची) नोकरी लागू शकते. ती मात्र म्हणते, खाडीतल्या जंतूंपासून औषधं शोधायचीत. आमची थोडी हापूसची बाग, बाकी आधार नाही. या संशोधनात पोट भरतं का?
– एक पालक, गुहागर

उत्तर: भरतं, पण उशिरा. दोन वर्षं एमएस्सी, पाच-सहा वर्षं पीएचडी, मग बहुधा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटते. मधल्या काळात बागेवर भार पडेलच असं नाही. नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा निघाली तर पीएचडीत महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. लोट्यात फ्रेशरला काय देतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक, ताडून पाहा.

विषय पोकळ नाही. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली मातीतल्याच जंतूपासून मिळालं. नंतरच्या रिफाम्पिसिनचा जंतू फ्रान्समधल्या पाइनच्या रानातला. आणि बुरशीवरचं हॅमायसिन तर आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी शोधलं.

पण तुमच्या लेकीला हा सगळा मायक्रोबायोलॉजीचा विषय वाटत असेल, तर तिथे तिला थोडं थांबवा. खारफुटीतला चिखल वाळवून प्लेटवर पसरला की आठ-पंधरा दिवसांत खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या वसाहती उगवतात. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो, कारण तो वास याच जंतूंच्या जिओस्मिनचा. शेजारी रोगजंतू वाढवले आणि मध्ये ते न वाढलेलं मोकळं वर्तुळ दिसलं की मुलं हुरळतात. खरं काम तिथून पुढे. अर्क काढा, कॉलम आणि एचपीएलसीवर त्यातले रेणू वेगळे करा, मास स्पेक आणि एनएमआरवर त्यांची रचना ओळखा. आणि महिनोन्‌महिने घासून हातात येतो तो बहुतेकदा कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वीच छापून मोकळा झालेला रेणू. ‘हा आधीच माहीत आहे’ हे लवकर ओळखणं हेच या धंद्यातलं मोठं कसब. त्याला रसायनशास्त्र लागतं.

दुसरी बाजू जनुकांची. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या मातीतल्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकं, 2002 मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात असे रेणू बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह निघाले. तोवर त्या जंतूचे मोजकेच रेणू ठाऊक होते. बाकीचे समूह प्रयोगशाळेत गप्प राहतात, रेणू बनवतच नाहीत. ते कॉम्प्युटरवर ओळखायचे, त्यातलं कुठलं एन्झाइम रेणूला कुठला तुकडा जोडतं ते उलगडायचं आणि त्यांना कामाला लावायचं, यावर आज भर आहे. म्हणून तिने सेंद्रिय रसायनशास्त्र पक्कं करावं, थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकावं. यांचा कंटाळा असेल तर लोटे बरं, आणि त्यात कमीपणा नाही.

धीर किती लागतो ते सांगतो. समुद्रतळाच्या गाळातल्या सॅलिनिस्पोरा जंतूचा सॅलिनोस्पोरामाइड हा रेणू 2003 मध्ये जाहीर झाला. कॅन्सरवरच्या चाचण्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेल्या आणि मेंदूच्या गाठीच्या रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. ज्यांनी त्यात वर्षं घातली, त्यांचे पेपर आहेत, पदं आहेत, औषध नाही. ‘औषध शोधायचंय’ एवढ्यावरच ती निघाली असेल तर हे तिला आत्ताच कळू दे. जंतू हा रेणू बनवतो कसा, याचंच कुतूहल असेल तर ती टिकेल.

लगेच करण्यासारखं: एमएस्सीसाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेशपरीक्षा द्याव्यात. गोवा विद्यापीठाचा सागरी जैवतंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तिच्या आवडीचा आणि घराजवळचा. एमएस्सीचं पहिलं वर्ष संपलं की विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपमधून दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढावेत; गोव्यातल्या दोना पावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) किंवा पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मिळाली तर उत्तम. पीएचडीचा निर्णय त्यानंतर. पुढे संशोधनातून मन उडालं, तरी किण्वन आणि एचपीएलसी येणारा माणूस औषध कंपन्यांना लागतोच.

तिने चिखलाच्या बाटल्या फ्रिजमध्ये माशांच्या डब्याशेजारी ठेवल्यात आणि आई वैतागलीय, असंही तुम्ही लिहिलंय. आईचं बरोबर आहे. बाटल्या कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊ द्या. खारफुटी संरक्षित आहे. पुढचे नमुने तिने सरांना विचारून, वनखात्याच्या परवानगीनेच घ्यावेत.